डाव्या कानाचा मणी

दस्तगीरभाई माझ्याकडे आले ते मुलीला घेऊन नव्हे, तंबोरा घेऊन. मंगळवारची सकाळ होती. मी भडंगासाठी लसूण सोलत बसले होते, आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईकडे सकाळी साडेआठला कोण कडमडलं म्हणून चिडूनच दार उघडलं. बाहेर हे उभे, खोळ घातलेला तंबोरा लेकरासारखा कडेवर धरून.

“बाई, ह्याची जवारी जरा आयका.”

“दस्तगीरभाई, मी माणसांच्या कानांची डॉक्टर. तीपण रिटायर होऊन दहा वर्षं झालेली.”

“म्हणून तर तुमच्याकडं आलोय,” ते म्हणाले आणि चपला काढून सरळ आत आले.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत दस्तगीरभाईंचं दुकान आहे. अडतीस वर्षांपूर्वी त्यांचा डावा कान वाहत होता, कानामागचं हाड किडलं होतं. मी चीर देऊन ते हाड कोरून साफ केलं आणि कान वाचला. तेव्हापासून ईदला माझ्याकडे शीरखुर्मा येतो आणि माझ्या प्रत्येक भांडणात दस्तगीरभाई न विचारता माझी बाजू घेतात.

त्यांनी खोळ काढली, भोपळा मांडीशी टेकवला आणि चारही तारा छेडल्या. जवारी म्हणजे काय हे त्यांनीच मला पूर्वी समजावलं होतं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला कानशीनं इतका हलका उतार द्यायचा की सुटलेली तार तिला पुसटशी घासत राहावी. जमलं तर एका तारेतून सुरांचा गुंजारव उठतो, ती उघडी जवारी. केसाएवढं चुकलं तर आवाज बसतो, ती बंद. हा उतार कुठल्याही यंत्रानं मोजता येत नाही. डावा कान घोडीजवळ न्यायचा, ऐकायचं आणि घासायचं. दस्तगीरभाईंच्या अफरोजसारखी जवारी त्या गल्लीत कुणी काढत नव्हतं, आणि ती अवघी सव्वीस वर्षांची होती.

“ह्यो तिनं काल केला. बंद हाय. परवाचा बी बंद हुता. तिला म्हणलं तर म्हणती, अब्बा, चांगला उघडा लागतोय की, तुमचंच कान गेलंत. आता माझं कान गेलंत ते खरंच हाय. पन मला भोपळ्यावर हात ठेवला की कळतंय न्हवं.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला तो तंबोरा कुठल्याही तंबोऱ्यासारखाच वाटला. पण कानाच्या डॉक्टरनं हे कबूल करायचं कसं?

“पोरीला काही होतंय का?”

“डोकं दुखतंय म्हणती. सांजच्याला हुडहुडी भरून ताप येतोय, सकाळी बघावं तर कायबी न्हाई. मेडिकलमधनं गोळ्या आणल्या दोनदा. त्यानं जरा बरं वाटलं.”

“आणि मणी काय म्हणतोय?”

“हिरवा हाय की.” त्यांनी फोन पुढे केला. घरातले सगळे मणी त्या एका फोनवर दिसायचे. अफरोज दस्तगीर. उजवा कान, निरोगी. डावा कान, निरोगी.

मी लसूण तसाच टाकला आणि चपला घातल्या.

* * *

हा मणी म्हणजे काय ते आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पुढे कधी कुणी हे वाचलं आणि तोवर मणीही अडगळीत गेला असला, तर म्हणून सांगते.

कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते, मध्यकर्ण. सर्दी झाली की नाकामागच्या नळीतून जंतू तिथं शिरतात, पू होतो, मूल ठणाणा करतं, पडदा फुटतो. बहुतेक वेळा तिथंच संपतं. पण त्या पोकळीच्या मागे जे हाड आहे ते भरीव नसतं, मधाच्या पोळ्यासारखं आत पोकळ घरांचं असतं. पू त्या घरांत शिरला की त्याला वाटा फुटतात. छताचा पत्रा पातळ, त्याच्यावर मेंदू. मागच्या भिंतीला मेंदूतलं रक्त खाली आणणारी मोठी शीर. मधून जाते चेहरा हलवणारी नस, तिला खेटून तोल सांभाळणारा आणि ऐकणारा आतला कान. हजारांत एखाद्याच्या बाबतीत पू यांतल्या कुठल्यातरी वाटेनं जातो, आणि मग कानाच्या दुखण्यानं माणूस मरतो. माझ्या उमेदीच्या काळात महिन्याला एक तरी असा यायचा. कानामागचं हाड ड्रिलनं कोरून पू काढणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं.

मग मणी आला. मुगाच्या दाण्याएवढा, कानाच्या नळीत बसणारा. तो पडद्यावर मंद उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून मागं पाणी साचलंय का ते ओळखतो. साचलं असेल तर जंतू खाणाऱ्या विषाणूंचा थेंब सोडतो. हे विषाणू माणसाला काही करत नाहीत, जंतूला मात्र आतून फोडतात. पडद्याला भोक न पाडता पलीकडे जाण्याची त्यांची युक्ती शोधली गेली हा खरा शोध. पहिल्या इयत्तेत दोन्ही कानांत मणी बसू लागले, पुढे साठीच्या आतल्या मोठ्यांनाही सक्तीचे झाले. तासाच्या वर बाहेर राहिला की फोनवर सूचना येते, महिन्यात तीन सूचना आल्या की मोफत उपचारांचं कार्ड बंद. पंधरा वर्षांत पोरांचे कान फुटायचे थांबले. मी मण्याला नावं ठेवणार नाही. पुवानं भरलेली लेकरं मी पाहिली आहेत, आणि ती दिसेनाशी झाली तेव्हा मला आनंदच झाला होता.

आनंद इतका झाला की शासनाच्या समितीवर मी गेले आणि सहीसुद्धा केली. कानामागचं हाड कोरायला शिकायला तीन वर्षं लागतात. रुग्णच उरले नाहीत तर तीन वर्षं घालवायची कशाला, असा ठराव होता. उरलासुरला एखादा रुग्ण पुण्याचा यंत्रहात, म्हणजे ऑपरेशन करणारा रोबो, बघेल. ड्रिलच्या शाळा बंद झाल्या. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा संमेद तेव्हा नुकताच कान-नाक-घशाच्या शिक्षणाला लागला होता. मावशी, मला हाड कोरायला शिकव, म्हणून चार रविवार माझ्या दारात उभा राहिला. मी त्याला म्हटलं, जुनं झालं रे ते, मण्याचं शिक. तो शहाणा मुलगा, ऐकणारा. आता तो मिरजेच्या कर्णकेंद्राचा प्रमुख आहे.

* * *

अफरोज कारखान्यात घोडीवर वाकून बसली होती. मला बघून उठायला गेली आणि भिंतीला हात लावून थांबली.

“काय नाही डॉक्टरबाई, उगंच अब्बा पण. सीझन आहे, झोप होत नाही.”

“बस खाली. कधीपासून दुखतंय?”

“झाला महिना. मधे थोडं वाहिलं पण. कापसानं पुसलं. कुणाला बोलू नका हां. कान वाहणारीनं काढलेली जवारी कोण घेणार?”

मी पिशवीतली कान बघायची जुनी दुर्बीण काढली आणि तिच्या डाव्या कानात पाहिलं. पडदा मळकट होता. पण पडद्याच्या अलीकडे, नळीची वरची मागची भिंत खाली लोंबली होती. ही खूण पुस्तकातून गेली, माझ्या डोळ्यांतून गेली नव्हती. कानामागे, वरच्या बाजूला अंगठ्यानं दाबलं तर एवढी हसरी पोर कळवळली. गोळ्यांनी वरचा पू सुकला होता, आतलं हाड किडत चाललं होतं, आणि रोजची हुडहुडी सांगत होती की आग मोठ्या शिरेपर्यंत पोचली आहे.

तिथूनच संमेदला फोन लावला.

“मावशी, मी उघडून बसलोय तिचं पान. चौदा महिने हिरवा आहे. एक दिवससुद्धा पिवळा नाही.”

“मी कान बघितलाय संमेद. मण्यानं नव्हे, डोळ्यांनी.”

“तुझ्यावर अविश्वास नाही गं. पण स्कॅनची यादी मण्यावरून लागते. हिरव्या कानाचा स्कॅन मागितला की वरून लगेच विचारणा. गेल्या वर्षी दोनदा झालंय. दोन्ही वेळा काही निघालं नाही.”

“तिसऱ्या वेळी निघेल.”

“घेऊन ये. ॲडमिट करतो. एवढं मी करू शकतो.”

त्यानं खरंच ॲडमिट केलं. स्वतः आला, आमच्या देखत तिला तपासलं. कानाच्या पाळीखाली बोट दाबलं आणि विचारलं, दुखतंय का. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, तिथं नाही, वर. त्याच्यामागे दोन शिकाऊ डॉक्टरणी उभ्या होत्या. त्यानं बोट वर नेलंच नाही.

“मावशी, प्लीज,” तो हळूच म्हणाला.

कानात दुर्बीणही त्यानं घातली नाही. दुर्बीण घालायची तर मणी काढावा लागतो, मणी काढला की सूचना जाते, आणि हिरवा मणी काढायला कारण लिहावं लागतं. त्यानं विषाणूजन्य ताप असं लिहिलं, सलाइन आणि साधी औषधं लावली. मी तिथंच त्याला, तुला दिवा दिसतो, रुग्ण दिसत नाही, असं पोरींसमोर सुनावलं. तो लाल झाला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी बोलले नाही. आम्हा दोघांचा मान जपण्यात अफरोजचे दोन दिवस गेले.

* * *

गुरुवारी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. दस्तगीरभाई शेजारी स्टुलावर. ताप उतरला होता, नर्स म्हणाली आज बरी आहे. अफरोज मात्र माझ्याकडे बघून नुसतीच हसली. काहीतरी बोलू पाहत होती आणि थांबत होती.

उशाशी ठेवलेल्या तिच्या कामाच्या ॲप्रनच्या खिशात कानस होती. ती मी काढली आणि तिच्यासमोर धरली. “हे काय आहे गं?”

तिनं पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. “ते… घासायचं. घोडीला… घासतात ना ते.”

“नाव काय त्याचं?”

“घासायचं,” ती म्हणाली, आणि आपल्याला नाव येत नाही हे तिचं तिलाच कळलं तशी घाबरून अब्बांकडे बघायला लागली. सातव्या वर्षापासून जी वस्तू तिच्या हातात होती तिचं नाव तिला सापडेना.

वस्तूंची नावं मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या बरोबर वर राहतात. पू छताचा पत्रा ओलांडून वर गेला होता. मी धावत संमेदच्या खोलीत गेले. या वयात धावणं काय असतं ते माझं मला माहीत. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि वरची परवानगी न मागता स्कॅन करवला. याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

पडद्यावर चित्र आलं. मेंदूत लिंबाएवढा पुवाचा गोळा, मोठी शीर गुठळीनं बंद, कानामागचं हाड कुरतडलेलं. संमेद खुर्चीत बसला.

“मावशी, मण्यानं हे दाखवलं नाही म्हणजे… लाखो पोरांच्या कानांत हा मणी आहे गं.”

मला, लाज वाटते सांगायला, एक क्षण बरं वाटलं. यंत्र चुकलं होतं आणि मी बरोबर निघाले होते. त्या क्षणी मला हवं होतं तेवढंच.

“आधी तिचा डावा मणी काढून सील करा,” तो नर्सला म्हणाला. आम्ही नर्सबरोबरच वॉर्डात गेलो. नर्सनं चिमटा घेतला, कानात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“सर, यात मणी नाही.”

“कुणी काढला?”

स्टुलावरून दस्तगीरभाई उठले. मान तिरकी केली, करंगळीनं स्वतःचा डावा कान चाचपला आणि तळहातावर तो मुगाएवढा दाणा ठेवून पुढे आले.

“ह्यो घ्या साहेब. माझ्याकडंच हुता.”

संमेदला काही उमगेना. मला उमगलं.

“जवारी काढताना मणी घुमतोय न्हवं,” दस्तगीरभाई सांगत होते. “डाव्या कानानं बारीक आयकावं लागतं. मणी असला की वरचा सूर मरतोय. काढून ठेवावा तर तासाभरात फोन वराडतो, कार्ड बंद करतो म्हणतो. त्याला नुसता ऊन कान लागतोय. म्हणून ती कामाला बसली की मी घालायचा. पैल्यांदा सांजच्याला परत घ्यायची. मग काम वाढलं, ऱ्हाऊन जायला लागलं. दुखायला लागल्यावर तर म्हणली, अब्बा, खुपतोय, तुमच्याकडंच असू दे.”

“किती दिवस?” संमेदनं विचारलं.

“झालं असतील की सा-सात म्हैने.” मग ते माझ्याकडे वळले. “बाई, ह्यो तुम्ही केलेला कान. त्याला काय हुणार? म्हणून ह्यातच ठेवला.”

“अहो, पण तुम्हाला माहीत होतं ना तिच्या कानात मणी नाही म्हणून? मग मला मंगळवारी फोन काढून हिरवा कसला दाखवलात?”

त्यांनी फोन काढला, आताही काढला, आणि त्या हिरव्या टिंबाकडे बघत राहिले. “तिचं नाव हाय न्हवं ह्येच्यावर,” ते म्हणाले. “रोज सकाळी बघायचो. नाव तिचं, दिवा हिरवा. वाटायचं, पोरगी बरी हाय.”

त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं. पण मंगळवारी त्या कानात दुर्बीण मीच घातली होती. सरळ पडदा दिसला, मधे काही आडवं आलं नाही, आणि मला त्यात काहीच खटकलं नाही. माझी सगळी उमर बिनमण्यांच्या कानांत गेली. कानात मणी नाही, एवढं एक वाक्य त्या दिवशी बोलले असते तर संमेदनं तासाभरात स्कॅन केला असता. संमेदनं बघितलं नाही कारण त्याच्या लेखी मणी होता, आणि मला बघूनही दिसलं नाही कारण मणी नव्हता.

आणखी एक आठवलं. समितीत कुणीतरी विचारलं होतं की मण्यानं माणूस ओळखायला नको का. दुसऱ्याच्या कानातला मळ कोण आपल्या कानात घालून घेणार, असं म्हणून आम्ही सगळे हसलो होतो. मीपण हसले होते. बापलेकीचा विचार त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आला नाही.

* * *

पुण्याचा यंत्रहात चार तासांवर. शीर तुंबलेली, मेंदू दाबलेला. रुग्णवाहिकेत घातली तर ती वाटेतच जाईल असं मेंदूच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं. कवटीला भोक पाडून सुईनं गोळ्यातला पू तो काढणार होता. पण जिथून पू येत होता ते हाड साफ केल्याशिवाय गोळा पुन्हा भरला असता, आणि ते हाड कोरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं.

“मी कोरते,” मी म्हटलं.

संमेदनं माझे हात धरले. धरून ठेवले, म्हणजे ते थरथरतात हे मला दिसावं. “तू सांग,” तो म्हणाला. “मी करतो.”

माझ्या ड्रिलच्या बारीक टोकांचा डबा मी फेकला नव्हता, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर होता. मोटर दातांच्या विभागातून आली. बारा वाजता अफरोज टेबलावर होती. मेंदूच्या सर्जनचं काम झालं आणि तो बाजूला झाला. मग संमेद पुढे, मी त्याच्या खांद्यामागे.

हाड कोरण्यात डोळ्यांइतकंच काम कानांचं असतं. पोकळ घरांत ड्रिल घोगरं बोलतं. पातळ पत्रा जवळ आला, किंवा आतल्या कानाचं टणक हाड लागलं, की आवाज बारीक होतो, चढतो. तो चढला की हात उचलायचा. दिसायच्या आधी ऐकू येतं. हेच शिकायला तीन वर्षं लागतात.

“आवाज चढला की मी थांब म्हणेन,” मी त्याला सांगितलं. “तोवर चालव.”

तो फार छान कोरत होता. पाण्याच्या धारेखाली पांढरा भुगा वाहत होता, मग पिवळा पू आला, सडलेलं हाड आलं. मोठ्या शिरेवरचा पत्रा मी वेळेत ओळखला, डोळ्यांनी. गुठळी तशीच ठेवून आम्ही पुढे गेलो. मला चार रविवार दारात उभा राहिलेला पोरगा आठवला. याला शिकवलं असतं तर हा माझ्यापेक्षा चांगला निघाला असता.

“मावशी, आवाज?” त्यानं विचारलं.

मी ऐकलं. घरघर, तीच. “तोच आहे. चालव.”

अजून दोन सेकंद. मग भुग्यात टणक पांढरं काही चमकलं, आणि पलीकडे चेहऱ्याशी बसलेली भुलीची डॉक्टर म्हणाली, “सर, गाल फडफडला.”

त्यानं हात उचलला. उशीर झाला होता. आतल्या कानाला छिद्र पडलं होतं आणि शेजारची नस गेली होती.

बाहेर आल्यावर नर्सनं मला पाणी दिलं. पंचविशीतली पोरगी, पाटगावकर नावाची. भीत भीत म्हणाली, “मॅडम, आवाज चढला होता हो. मला आला ऐकू. पण तुम्ही चालव म्हणालात, म्हणून मला वाटलं…”

म्हातारपणी आधी वरचे सूर जातात. हे मी हजारो रुग्णांना समजावलं आहे. त्या मंगळवारी बंद तंबोरा ऐकून मला काही कळलं नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

* * *

अफरोज जगली. नावं परत आली, कानससुद्धा. डावा कान गेला, चेहऱ्याची डावी बाजू पडली, डोळा मिटत नाही. संमेदनं माझ्याशी एका शब्दानं भांडण केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. हल्ली घरी येतो, दहा मिनिटं बसतो, मला चहा करू देत नाही.

दोन महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला. यंत्रात दोष नाही. रुग्णाच्या कुटुंबाकडून मण्याचा गैरवापर. शस्त्रक्रियेतील इजा ही परिस्थितीजन्य. एकही शब्द खोटा नव्हता. तज्ज्ञ म्हणून माझी सही मागितली होती. मी खाली पेनानं एक ओळ लिहिली, की हाड कोरण्याचं शिक्षण पुन्हा सुरू करावं, आणि मग सही केली. छापील प्रत आली तिच्यात सही होती, ओळ नव्हती. संमेदला विचारलं तर म्हणाला, “वर म्हणाले, लाखात एक केस आहे, मावशी.” हे वाक्य समितीच्या ठरावात मीच घातलं होतं.

गैरवापरामुळे अफरोजचं कार्ड बंद झालं. सलग तीन महिने दोन्ही मणी चोवीस तास ठेवले तर ते परत सुरू होणार होतं, आणि कार्ड आल्याशिवाय चेहऱ्यावरचे उपचार सुरू होणार नव्हते. तिच्या मेलेल्या कानात नवा मणी संमेदनंच बसवला. अफरोजनं त्याला विचारलं, “डॉक्टर, आता यात काय राखायचंय?” त्यानं खाली बघून, नियम आहे, एवढंच सांगितलं.

परवा दुपारी मी कारखान्यात गेले. ती नव्या तंबोऱ्यापुढे बसली होती, चेहऱ्यावर ओढणी अर्धी ओढून. उजवा कान घोडीपाशी नेला, तार छेडली, पुन्हा छेडली.

“कसा लागतोय?” मी विचारलं.

“उघडा,” ती म्हणाली. “डॉक्टरबाई, मला सगळेच उघडे लागतात आता. तार नाही छेडली तरी आत गुंजत असतं, चोवीस तास. जवारी कुठली आणि माझं डोकं कुठलं, कळत नाही.” ती हसली, अर्ध्या तोंडानं. “अब्बा म्हणतात होईल सवय. ते रोज भोपळ्यावर हात ठेवतात आणि गप बसतात.”

दस्तगीरभाई कोपऱ्यात खुंट्या घासत होते. वर बघितलं नाही.

“बघते अजून एकदा,” ती म्हणाली आणि कानस उचलली. मग डाव्या कानाकडे हात गेला, मणी निघाला आणि तिनं तो न बघताच मागे अब्बांकडे धरला. सात महिने रोज धरायची तसा. सवयीचा हात तो, मेलेल्या कानाला मणी असला काय नि नसला काय हे त्याला कुठलं ठाऊक.

दस्तगीरभाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “न्हाई,” ते म्हणाले. “न्हाई गं बाळ, मला न्हाई द्यायचा.” आणि एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

अफरोजचा हात तसाच पुढे राहिला. घालावा की ठेवावा तिला कळेना. खुंट्यांच्या ढिगाजवळ पडलेल्या फोनवरचं टिंब विझलं. तासाच्या आत मणी कानात गेला नसता तर सूचना लागली असती आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले असते.

“कामाला बस तू,” मी तिला म्हटलं. “आण इकडं.”

मी तो मणी तिच्या तळहातावरून उचलला आणि माझ्या डाव्या कानात घातला. थोडा घुमला, मग बसला. दस्तगीरभाईंच्या फोनवर ओळ आली. अफरोज दस्तगीर. डावा कान, निरोगी.